रक्ताची साक्ष आणि मेंदूंतील रक्तस्राव

ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतांतील वॉर्म स्प्रिंग्ज या गांवीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे आपलें चित्र काढवून घेण्यासाठीं खुर्चींत बसले होते. दुपारीं एकच्या सुमारास त्यांच्या डोक्याच्या मागील भागीं असह्य कळ आली. ते जागच्या जागीं बेशुद्ध झाले, आणि साडेतीन वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत त्यांचा अंत झाला. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रून त्या वेळीं गांवांतच होते व लागलीच येऊन पोंचले. रक्तदाब पाहतात तों वरचा आंकडा ३०० च्या घरांत गेलेला. मार्च १९४४ मध्यें त्यांनींच तो १८६ व १०८ असा मोजला होता. म्हणजे धोक्याची सूचना एक वर्ष आधींच मिळालेली होती. परंतु रक्तदाब बिनधोकपणें खालीं आणणारें औषध त्या काळीं जगांतील बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षालाहि मिळण्यासारखें नव्हतें.

मृत्यूचें कारण मेंदूंतील रक्तस्राव असें सांगण्यांत आलें. त्या अडीच तासांत डॉक्टरांपाशीं रोग्याची गति पाहण्याचीं साधनें तीं कोणतीं? श्वासाचा घरघराट, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, आणि रक्तदाबाचें यंत्र. आज त्याच अवस्थेंतला मनुष्य इस्पितळांत आणला म्हणजे पहिल्या कांहीं मिनिटांतच त्याच्या दंडांतून रक्त काढून चारपांच कुप्या भरून प्रयोगशाळेकडे धाडण्यांत येतात. बाहेर बांकावर बसलेल्या नातलगांच्या मनांत एकच प्रश्न असतो : माणूस वांचेल कीं नाहीं? त्या कुप्यांतून याचें उत्तर मिळेल अशी त्यांची आशा असते, आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत पुष्कळ संशोधकांनींहि याच आशेनें रक्ताची झडती घेतली आहे. त्या झडतींत काय हातीं लागलें, आणि जें लागलें त्यावर कितपत विसंबावें, हें समजून घेण्यासारखें आहे.

ज्याला आपल्याकडे लकवा, अर्धांगवायु किंवा पक्षाघाताचा झटका म्हणतात, त्याचीं कारणें मुख्यतः दोन. एकांत मेंदूची रक्तवाहिनी आंतून बुजते. दुसऱ्यांत ती फुटते. बुजण्याचे प्रकार सर्वत्र अधिक. मुंबई शहरांत २००५-०६ सालीं झटक्याच्या रोग्यांची जी पद्धतशीर नोंद घेण्यांत आली, तींत वाहिनी फुटलेले रोगी शंभरांत अठरांच्या आसपास निघाले. संख्येनें हे थोडे खरे, पण घातकपणांत यांचा क्रम पहिला : जगांतील निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र केल्या असतां, मेंदूंत रक्तस्राव झालेल्या शंभरांपैकीं सुमारें चाळीस जण एका महिन्याच्या आंत दगावतात. मेंदूच्या वेष्टनाखालीं होणारा रक्तस्राव हा याहून निराळा रोग आहे. त्याचा विचार येथें केलेला नाहीं.

थोडेसें रक्त सांडल्यानें एवढा अनर्थ कां व्हावा? बोट कापलें तर याहून अधिक रक्त जातें आणि मनुष्य कामाला लागतो. याचें कारण कवटींत आहे. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनीं १७८३ सालीं व त्यांच्यामागून जॉर्ज केली यांनीं १८२४ सालीं ही गोष्ट दाखवून दिली कीं, कवटी ही हाडाची बंद पेटी असून तिच्या आंतील जागा वाढत नाहीं. नवें कांहीं आंत शिरलें तर जुन्या कशाला तरी बाहेर जावें लागतें, आणि बाहेर जाण्यास जागा सरली कीं दाब झपाट्यानें चढतो. तीस घनसेंटिमीटर रक्ताची गुठळी म्हणजे साधारण एका कागदी लिंबाएवढी गोळी. तिचा व्यास चार सेंटिमीटरहि भरत नाहीं. परंतु व्यास दुप्पट झाला कीं आकारमान आठपट होतें, हें भूमितीचें साधें सत्य येथें प्राणावर बेततें. शिवाय गुठळी एकदां झाली म्हणजे थांबली असें नव्हे. तीन रोग्यांपैकीं सुमारें एकाच्या मेंदूंत पहिल्या दिवसांतच ती आणखी वाढत जाते.

ही गुठळी जिवंत माणसांत डोळ्यांनीं दिसूं लागल्याला अद्याप शतक लोटलेलें नाहीं. ता. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले इस्पितळांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. हेंच आजचें सी. टी. स्कॅन. त्यापूर्वीं वाहिनी बुजली कीं फुटली हें बिछान्यापाशीं उभें राहून अनुमानानें ठरवीत, आणि मोठमोठ्यांचीं अनुमानें चुकत. पुढें १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनीं बेशुद्धि मोजण्याचें माप बसवून दिलें : डोळे उघडण्यास चार, बोलण्यास पांच व हातपाय हलविण्यास सहा असे गुण. पूर्ण शुद्धीला पंधरा आणि अगदीं निश्चेष्ट माणसाला तीन. शून्य गुण या परीक्षेंत कोणालाच मिळत नाहींत, एवढी उदारता तींत आहे.

या दोन साधनांच्या आधारें सॅन फ्रॅन्सिस्को येथील डॉक्टरांनीं २००१ सालीं एक लहानसें कोष्टक प्रसिद्ध केलें. बेशुद्धीची खोली, गुठळी तीस घनसेंटिमीटरांपर्यंत पोंचली आहे कीं नाहीं, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरलें कीं नाहीं, गुठळी मेंदूच्या खालच्या भागांत आहे काय, आणि वय ऐंशीच्या पुढें आहे काय, अशा पांच गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करावयाची. त्यांच्या १५२ रोग्यांत शून्य गुणांचा एकहि रोगी महिन्याभरांत दगावला नाहीं. दोन गुणांच्या शंभरांपैकीं २६, तीन गुणांच्या ७२, चार गुणांच्या ९७, आणि पांच गुणांचा एकहि वांचला नाहीं. हें कोष्टक आज जगभर वापरण्यांत आहे. रक्ताच्या एकाहि तपासणीचा त्यांत समावेश नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील विवेचनाला तिची गरज लागेल.

मग रक्ताकडे संशोधक वळले कशासाठीं? शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण त्यांच्या मनांतील भाव नेमका सांगते. मेंदू कवटींत बंद. त्याचा तुकडा काढून पाहतां येत नाहीं. रक्त मात्र त्याच्यांतून वाहून बाहेर येतें, तेव्हां घरांतील बातमी तें घेऊन येणारच. शिवाय गुठळीचें चित्र त्या क्षणापुरतें असतें. उद्यां काय होणार याची चाहूल रक्तांत आधीं लागेल, हीहि अपेक्षा होती.

रक्तांत सांपडणाऱ्या खुणा तीन ठिकाणांहून येतात, आणि यांतील फरक न ओळखल्यानेंच पुष्कळ घोटाळा होतो. पहिल्या खुणा म्हणजे मोडलेल्या मेंदूचे प्रत्यक्ष अवशेष. पुरानें घर पडलें म्हणजे त्याचे वासे नदींत वाहत यावे तसे. मेंदूंत ज्ञानतंतूंच्या पेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांच्या अंगांत एक तंतुमय प्रथिन असतें, त्याला आद्याक्षरांवरून जी. एफ. ए. पी. म्हणतात. रक्तस्रावांत या पेशी एकदम फाटतात, म्हणून हें प्रथिन लवकरच रक्तांत उतरतें. वाहिनी बुजल्यास पेशी उपासमारीनें सावकाश मरतात आणि तें उतरण्यास कित्येक तास लागतात. दोन रोगांतील हा वेळेचा फरक फार मोलाचा आहे. दुसरें एक प्रथिन १९६५ सालीं ब्लेक मूर यांनीं वेगळें काढलें. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणांतहि तें विरघळलेलेंच राही, म्हणून त्याला एस-१०० असें नांव पडलें. बारसें करण्याची ही रीत गद्य खरी, पण विसरण्यासारखी नाहीं. जितकी मेंदूची नासधूस अधिक, तितकें हें प्रथिन रक्तांत अधिक, आणि तितका मृत्यूहि अधिक, असें अनेकांना आढळलें. अडचण एवढीच कीं याचा एक प्रकार चरबींत व कूर्चेंतहि असतो. रोगी जिन्यावरून पडून हाड मोडून आलेला असेल, तर साक्ष कोणाची हें सांगणें कठीण.

दुसऱ्या खुणा मेंदूच्या अवशेषांच्या नव्हेत, तर सबंध शरीरांत उठलेल्या कल्लोळाच्या असतात. यांतील सर्वांत जुनी म्हणजे रक्तांतील साखर. फ्रान्समधील थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूच्या तळाशीं, चौथ्या पोकळीच्या बुडाला, एक टोंचणी दिली. थोड्या वेळानें त्या सशाच्या मूत्रांत साखर उतरली. मधुमेह नसलेल्या प्राण्याला मेंदूच्या एका टोंचणीनें साखर यावी, याचें त्या काळीं मोठें नवल झालें. आज आपणांस ठाऊक आहे कीं मेंदूला इजा झाली म्हणजे अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसोल यांसारखे संकटकाळचे रस रक्तांत सुटतात आणि यकृत आपली सांठवलेली साखर मोकळी करतें. म्हणून ज्याला आयुष्यांत कधीं मधुमेह नव्हता अशा रोग्याचीहि साखर रक्तस्रावानंतर दोनशेंच्या पुढें गेलेली आढळते, आणि अशांत मृत्यूचें प्रमाण अधिक दिसतें.

त्याच जातीची दुसरी खूण पांढऱ्या पेशींची. साध्या रक्तगणनेंत, म्हणजे ज्या तपासणीला सारे लोक सी. बी. सी. म्हणतात तींत, पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजलेले असतात. संकटकाळीं न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी वाढतात व लिंफोसाइट नांवाच्या घटतात. पहिल्यांना दुसऱ्यांनीं भागलें असतां जो आंकडा येतो तो निरोगी माणसांत साधारण एक ते तीन असतो, रक्तस्राव झालेल्यांत तो पुष्कळ चढतो, आणि जेथें फार चढतो तेथें मृत्यु अधिक. हा भागाकार करण्यास कसलाहि जादा खर्च नाहीं, म्हणून त्यावर निबंधांचा पाऊस पडला. तिसरी खूण सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन : न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना १९३० सालीं हें प्रथिन न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत सांपडलें. शरीरांत कोठेंहि दाह सुरू झाला कीं यकृत तें तयार करूं लागतें. चौथी कोपेप्टिन : मेंदूच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथींतून पाणी राखणारा एक रस सुटतो, तो स्वतः रक्तांत टिकत नाहीं, परंतु त्याच्याबरोबर त्याच्याइतकाच सुटणारा हा तुकडा टिकतो, म्हणून रसाऐवजीं त्याचें मोजमाप करतात.

या दुसऱ्या वर्गाच्या साक्षीदारांत एक मोठा दोष आहे. आग लागली असें ते ओरडून सांगतात, पण कोठें लागली तें सांगत नाहींत. साखर, पांढऱ्या पेशी, सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, कोपेप्टिन यांपैकीं प्रत्येक खूण हृदयविकारांत, न्यूमोनियांत, मोठ्या भाजण्यांतहि चढते. मेंदूंत रक्तस्राव झालेल्या रोग्याला गिळतां येत नाहीं, तोंडांतील ओलावा फुप्फुसांत उतरतो आणि तिसऱ्याचौथ्या दिवशीं न्यूमोनिया होतो. त्या दिवशीं काढलेलें रक्त मेंदूची बातमी देतें कीं छातीची? म्हणून रक्त कोणत्या तासाला काढलें हें न सांगतां नुसता आंकडा सांगणें म्हणजे तारीख नसलेली तार वाचणें होय. निरनिराळ्या निबंधांत धोक्याची रेषाहि निरनिराळी आंखलेली आढळते. प्रत्येक संशोधकानें आपल्या रोग्यांना जी रेषा उत्तम लागू पडली ती घेतली. दुसऱ्या गांवच्या रोग्यांना ती लागू पडेलच असें नाहीं.

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. साखर चढलेले रोगी अधिक मरतात, तर साखर खालीं ओढली म्हणजे ते वांचतील काय? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इत्यादि देशांतील अतिदक्षता विभागांत सर्व प्रकारच्या सहा हजारांहून अधिक अत्यवस्थ रोग्यांवर याची कसोटी घेण्यांत आली व २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर इन्सुलिननें ८१ ते १०८ च्या दरम्यान दाबून ठेवली त्यांत नव्वद दिवसांत शंभरांपैकीं २७.५ दगावले, ज्यांना थोडी सैल वागणूक दिली त्यांत २४.९. ज्या आंकड्याला शत्रु समजून बाण मारले, तो पुष्कळ अंशीं शत्रूच्या आगमनाची वर्दी देणारा जासूद निघाला.

आतां पूर्वीं राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळूं. ज्या रोग्याची गुठळी मोठी व शुद्धि हरपलेली, त्याची साखर चढणार, पांढऱ्या पेशी चढणार, एस-१०० चढणार, कोपेप्टिनहि चढणार. तेव्हां रक्त भाकित करतें हें खरें; परंतु ज्या डॉक्टरानें रोग्याला चिमटा घेऊन पाहिला आहे व चित्रांतील गुठळी मोजली आहे, त्याला रक्त नवें असें काय सांगतें? संशोधनाचा खरा निकष हाच. या निकषावर बहुतेक खुणांचें तेज फार कमी होतें. त्या खोट्या नाहींत. पण पांच गोष्टींच्या त्या जुन्या कोष्टकानें जें आधींच सांगितलें त्यांत त्या थोडीशीच भर घालतात.

आणि समजा, ती भर पुष्कळ पडली, तरी काय होईल? येथें शाळेंतील अंकगणिताहून अधिक कांहीं लागत नाहीं. समजा शंभर रोगी आहेत. त्यांपैकीं चाळीस मरावयाचे व साठ वांचावयाचे आहेत. एक अशी रक्ततपासणी कल्पूं कीं ती दोन्ही बाजूंस शंभरांत पंचाऐंशी वेळां खरी ठरते. इतकी चांगली तपासणी आज कोणाच्या हातीं असती तर तिचा डांगोरा पिटला गेला असता. मरणाऱ्या चाळिसांपैकीं ती चौतिसांना बरोबर ओळखील. वांचणाऱ्या साठांपैकीं एकावन्नांना ओळखील आणि उरलेल्या नवांना मरणाऱ्यांत ढकलील. म्हणजे एकंदर त्रेचाळीस कुटुंबांना "आशा नाहीं" असें सांगण्यांत येईल, आणि त्यांतील नऊ कुटुंबांचा माणूस वस्तुतः वांचणारा असेल. तो नववा माणूस आपला कीं दुसऱ्याचा हें कागदावर लिहिलेलें नसतें.

परंतु गोष्ट येथेंच थांबत नाहीं. "आशा नाहीं" हे शब्द उच्चारल्यावर काय घडतें? कोठें कृत्रिम श्वासाचें यंत्र काढतात. कोठें शस्त्रक्रिया करीत नाहींत. कोठें श्वास थांबल्यास पुनः प्रयत्न करावयाचा नाहीं असा शेरा मारतात. आपल्याकडे यंत्र काढण्याचे कायदेशीर मार्ग सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं आंखून दिले व २०२३ सालीं ते सोपे केले. पण पुष्कळ घरांत निर्णय कायद्यानें नव्हे, तर पैशानें होतो. दिवसाचा खर्च पाहून, शेत गहाण टाकण्यापूर्वीं, थोरला भाऊ डॉक्टरांना म्हणतो, "साहेब, स्पष्ट सांगा." आणि स्पष्ट उत्तर मिळालें कीं रोग्याला घरीं नेतात. यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. पण परिणाम काय? ते चुकून ढकललेले नऊ जण आतां खरोखरच मरतात. वर्षाअखेर हिशेब मांडला असतां असें दिसतें कीं तपासणीनें ज्या त्रेचाळिसांना मरणार म्हटलें ते त्रेचाळीसहि मेले. पंचाऐंशी टक्क्यांची तपासणी मृत्यु सांगण्याच्या बाबतींत शंभर टक्के खरी ठरली! ज्योतिष्यानें मरणाचें वर्ष सांगितल्यावर अन्न टाकणाऱ्या यजमानामुळें ज्योतिष्याची कीर्ति वाढावी, तसाच हा प्रकार. आणि पुढच्या वर्षीं तीच तपासणी अधिक भरंवशानें वापरली जाते.

हा तर्कटपणा नव्हे. अमेरिकेंत सिअॅटल येथील वैद्यकांनीं २००१ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं तें पांच गोष्टींचें कोष्टक निघालें त्याच वर्षीं, आपल्याच इस्पितळांतील रोग्यांचे कागद तपासले. आणि रोगी वांचला कीं नाहीं हें ठरविण्यांत उपचार चालू ठेवले कीं आवरते घेतले या गोष्टीचा वांटा फार मोठा आढळला. भाकित स्वतःच स्वतःला खरें करून घेतें, असा इशारा त्यांनीं दिला. त्याचा परिणाम झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१० सालापासून आपल्या मार्गदर्शनांत अशी शिफारस घातली आहे कीं, ज्यानें पूर्वीं स्वतः तशी इच्छा प्रकट केलेली नाहीं अशा रोग्याच्या बाबतींत "पुनरुज्जीवनाचा प्रयत्न नको" हा नवा शेरा इस्पितळांतील निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबणीवर टाकावा. २०२२ च्या सुधारलेल्या मार्गदर्शनांतहि ती कायम आहे.

तर मग त्या चारपांच कुप्या व्यर्थ काय? मुळींच नाहीं. रक्ताच्या तिसऱ्या वर्गाच्या खुणा अद्याप सांगावयाच्या राहिल्या, आणि रोग्याच्या दृष्टीनें त्याच पहिल्या होत : रक्त गोठण्याची शक्ति. यामागें एक मोठी रंजक हकीकत आहे. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें लहानशा जखमेनेंहि रक्त वाहून मरूं लागलीं. सडकें, बुरसलेलें गोड क्लोव्हर नांवाचें गवत खाल्ल्यानें असें होतें हें कळलें. विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनें त्या गवतांतील विष शोधून काढलें, आणि त्यावरूनच पुढें वॉर्फरिन तयार झालें. १९४८ सालीं तें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें. १९५० नंतरच्या दशकांत तेंच औषध म्हणून माणसांना देऊं लागले, कारण हृदयांत गुठळी होऊं नये म्हणून रक्त पातळ ठेवणें पुष्कळांना आवश्यक असतें. अशा माणसाच्या मेंदूंत वाहिनी फुटली तर गुठळी वाढतच जाते. त्याच्या रक्ताला गोठण्यास किती वेळ लागतो याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८३ सालीं ठरविलेलें माप म्हणजे आय. एन. आर.; निरोगी माणसांत तें एकाच्या आसपास, वॉर्फरिन घेणाऱ्यांत बहुधा दोन ते तीन.

हा आंकडा चढलेला असेल तर तो मृत्यूचें भाकित करतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बदलतां येतो, आणि बदलल्यानें रोग्याचें हित होतें. जीवनसत्त्व के आणि गोठविणाऱ्या घटकांचें सांद्र द्रव्य शिरेंतून दिलें असतां तो लवकर खालीं येतो. म्हणून घरांत कोणी रक्त पातळ करण्याचें औषध घेत असेल, तर त्याची चिठ्ठी रोग्याबरोबर इस्पितळांत नेणें हें नातलगांचें पहिलें काम. प्रयोगशाळेच्या कागदाआधीं ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातीं पडते.

भाकितापेक्षां उपचाराकडे पाहण्याची हीच दृष्टि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत दिसते. भारत, चीन, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील इत्यादि दहा देशांतील सात हजारांहून अधिक रोग्यांवर तो झाला. नवें औषध कांहींच नाहीं. वरचा रक्तदाब तासाभरांत १४० च्या खालीं आणावयाचा, ज्वर उतरवावयाचा, साखर फार दाबावयाची नाहीं पण मोकाटहि सोडावयाची नाहीं, आणि वॉर्फरिन घेणाऱ्यांचा आय. एन. आर. तासाभरांत १.५ च्या खालीं न्यावयाचा. एवढ्या साध्या गोष्टी एकदम व वेळेवर केल्यानें सहा महिन्यांनंतर रोग्यांची स्थिति अधिक चांगली आढळली व मृत्यूहि कमी झाले. रूझवेल्टच्या डॉक्टरांपाशीं यांतील पहिलेंच साधन नव्हतें.

मेंदूच्या अवशेषांच्या खुणांनाहि आतां निराळें काम मिळूं लागलें आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला सी. टी. स्कॅनची गरज आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं जी. एफ. ए. पी. व आणखी एक प्रथिन यांची जोडतपासणी अमेरिकेच्या सरकारी खात्यानें २०१८ सालीं मान्य केली. तीच खूण झटक्याच्या रोग्याजवळ, रुग्णवाहिकेंतच पाहतां आली, तर वाहिनी फुटली कीं बुजली हें इस्पितळ गांठण्यापूर्वीं कळण्याची शक्यता आहे, आणि त्या दिशेनें प्रयोग चालले आहेत. जिल्ह्याच्या गांवापासून पन्नास मैलांवर असलेल्या खेड्यांतील रोग्याला हें केवढें वरदान ठरेल हें सांगावयास नको. कारण बुजलेली वाहिनी मोकळी करण्याचें औषध फुटलेल्या वाहिनीच्या रोग्याला दिलें तर तें प्राणघातक होतें.

आणि बांकावर बसलेल्या नातलगांचा प्रश्न? पहिल्या दिवशींचें रक्त, पहिल्या दिवशींचें चित्र, पहिल्या दिवशींची शुद्धि, यांवरून बांधलेलीं बहुतेक भाकितें एका महिन्याच्या मुदतीचीं असतात. रोग्याचा मेंदू मात्र महिन्याची मुदत मानीत नाहीं. सांडलेलें रक्त हळूहळू शोषलें जातें, सूज ओसरते, आणि हात उचलण्यास, घांस गिळण्यास, नांव घेण्यास मनुष्य पुनः शिकतो. मोठ्या रक्तस्रावाच्या दोन प्रयोगांतील रोग्यांचा वर्षभर माग घेऊन २०२२ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यांत महिना संपतां संपतां जे खाटेला खिळलेले किंवा दुसऱ्याच्या आधारावांचून चालूं न शकणारे होते, त्यांच्यापैकीं शंभरांत चाळीसहून अधिक जण वर्षाच्या अखेरीस स्वतःच्या पायांवर चालत होते.